सिस्टरांचा ळ

पहिल्याच दिवशी सातवीची हजेरी घेताना माझ्या तोंडून ‘प्रेझेंट, मिस’ निघता निघता राहिलं. हजेरीपुस्तक माझ्याच हातात होतं, नावंही मीच वाचत होते. पण कडुनिंबातून गाळून येणारं ऊन त्याच खिडकीतून त्याच बाकावर पडलं होतं, आणि क्षणभर मला खरंच कळेना की आपण टेबलाच्या कुठल्या बाजूला उभ्या आहोत. मुली वाट बघत होत्या. मी पुढचं नाव वाचलं.

झाशीतल्या या मिशनच्या शाळेत मी पहिलीपासून बारावीपर्यंत शिकले. नंतर लग्न होऊन भोपाळला गेले, तिथल्या एका शाळेत बरीच वर्षं भूगोल शिकवला. बाबा गेल्यावर आई झाशीत एकटी पडली. नवरा बँकेत आहे, त्याने झाशीला बदली मागून घेतली आणि आम्ही मुलीला घेऊन आईकडेच राहायला आलो. शाळेत भूगोलाची जागा रिकामी होती. मुलाखत घेणाऱ्या प्रिन्सिपल सिस्टर माझ्याहून लहान होत्या. मी त्यांच्यासमोर खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, आणि त्यांनी दोनदा सांगितलं, ‘आराम से बैठिए, मॅम.’

सुरुवातीचे कितीतरी दिवस मी त्या इमारतीत झोपेत चालल्यासारखी वावरत होते. जिने उतरताना पाय आपोआप दोन दोन पायऱ्या घ्यायला बघत. स्टाफरूमच्या दाराशी आले की हात वर होई, आत यायची परवानगी मागायला. दुपारी बारा वाजता चॅपलची घंटा होई आणि सगळी शाळा जागच्या जागी उभी राही. तेव्हा खडू हातात धरून मीही उभी राही, डोळे मिटत, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे मी नऊ वर्षांची असे. डोळे उघडले की समोर चाळीस मुली आणि फळ्यावर माझ्याच अक्षरातला गंगेचा उगम.

मोठ्या सिस्टर अजून तिथेच आहेत हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या वेळी त्या प्रिन्सिपल होत्या. मूळच्या केरळच्या, उंच, ताठ, आणि पायांत असे बूट की त्यांचा आवाज कधी येत नसे. एकदम मागे उभ्या असायच्या. आता त्या पंच्याहत्तरीच्या पुढे होत्या, चॅपलमागच्या कॉन्व्हेंटमध्ये राहत आणि शाळेचं वाचनालय बघत. पहिल्या आठवड्यात व्हरांड्यात त्या समोरून आल्या आणि मी काही विचार न करता भिंतीला पाठ लावून, हात मागे घेऊन उभी राहिले. मुली बघत होत्या. सिस्टर थांबल्या, चष्म्यातून त्यांनी मला नीट पाहिलं.

‘टीचर लोग दीवार से नहीं लगते,’ त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

ऑगस्टमध्ये एके दिवशी शिपाई भैया निरोप घेऊन आला. शाळा सुटल्यावर मोठ्या सिस्टरांनी वाचनालयात बोलावलं होतं. दिवसभर मी आठवत राहिले, आपलं काय चुकलं. गेले तर त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, समोर दोन कप चहा झाकून ठेवलेला.

‘तुम्ही लोक महाराष्ट्रातले ना?’ त्यांनी हिंदीत विचारलं.

मी म्हटलं, ‘हो, म्हणजे मूळचे. बाबांचं घराणं झाशीत कितीतरी पिढ्यांचं. आई भुसावळची.’

‘माझी बदली झाली आहे,’ त्या म्हणाल्या. ‘मार्चनंतर. महाराष्ट्रात, धुळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथे आमचं मुलींचं वसतिगृह आहे. लहान लहान मुली. त्यांना हिंदी येत नाही, इंग्रजी तर नाहीच. मला मराठी शिकव.’

या वयात बदली! मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, ‘पण सिस्टर, तिथे कोणीतरी असेल ना हिंदी जाणणारं...’

‘रात को बच्ची रोएगी तो मैं किसको बुलाऊँगी?’ त्या म्हणाल्या. ‘कल से. छुट्टी के बाद.’

त्या सांगत आणि आम्ही करत असू, ही सवय इतक्या वर्षांनीही मोडली नव्हती. मी होकार देऊन चहा पिऊन टाकला. घरी येताना सिपरी बाजारातल्या गर्दीत स्कूटर चालवताना मात्र मला हसू येऊ लागलं. ज्या बाईंनी आम्हाला शाळेच्या फाटकाच्या आत घरची भाषा बोलू दिली नाही, त्यांना मी मराठी शिकवणार होते.

तो नियम कडक होता. फाटकाच्या आत फक्त इंग्रजी. माझी ताई माझ्यापुढे दोन वर्षं होती. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी कडुनिंबाखाली बसून हळूच मराठीत बोलायचो, कारण हिंदी सगळ्यांनाच कळे आणि मराठी कोणालाच नाही. सिस्टर मागे येऊन उभ्या राहायच्या. ‘इंग्लिश, गर्ल्स,’ एवढंच म्हणायच्या. आम्ही गप्प बसायचो, कारण जे बोलत होतो ते इंग्रजीत बोलण्यासारखं नसायचंच.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. शेवटची घंटा होई, बबीन्याच्या छावणीतल्या मुलींची बस धूळ उडवत निघून जाई आणि मग सगळ्या शाळेवर एक शांतता उतरे. कुठेतरी पंखा चालू राहिलेला असे. दुरून रेल्वेच्या शंटिंगचा आवाज. वाचनालयाच्या उंच खिडक्यांतून पिवळं ऊन पुस्तकांच्या पाठींवर सरकत जाई. त्या उन्हात सिस्टर डोळे बारीक करून माझ्या ओठांकडे बघत बसायच्या, आणि मला वाटायचं, ही दुपार मी आधीही कधीतरी बघितली आहे, फक्त माणसं उलट्या जागी होती.

पहिल्या दिवशी मी साधे शब्द घेतले. पाणी, घर, हात, डोळे.

‘डोळे,’ सिस्टर म्हणाल्या.

मी ऐकतच राहिले. आमच्या झाशीत हा ळ कोणाच्या जिभेवर बसत नाही. शाळेतल्या मैत्रिणी घरी यायच्या तेव्हा आईने दिलेल्या केळ्यांना ‘केले’ म्हणायच्या, ते ठीकच. पण माझी स्वतःची मुलगी, घरात मराठीच ऐकत वाढलेली, ती अजून ‘डोले’ म्हणते. आणि या केरळच्या बाईंनी तो ळ जीभ मागे वळवून असा सहज उच्चारला होता, जणू तोंडात ठेवलेलाच होता.

‘पुन्हा म्हणा, सिस्टर.’

‘डोळे. डोळे. काय झालं?’

‘हे अक्षर हिंदीत नाही.’

‘मला माहीत आहे,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या भाषेत आहे. सतरा वर्षांची असताना मी या गावात आले, तेव्हापासून ते कुठे लागलंच नाही.’ मग मी वहीत ळचे आणखी शब्द लिहून दिले आणि त्यांनी ते आपण होऊन पुन्हा पुन्हा वाचले. बाळ, केळं, काळोख, जवळ, सकाळ. एकेक शब्द सावकाश, चव घेत. शेवटी तर त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या.

पुढे असंच होत राहिलं. मी त्यांना ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक कसा समजवावा म्हणून घरून तयारी करून गेले होते. हिंदीत दोन्हीला एकच ‘हम’. मी सुरुवात केली, ‘आम्ही म्हणजे तुम्हाला सोडून, आणि आपण म्हणजे तुम्हालाही धरून...’ त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांच्याकडेही तसंच होतं. दोन वेगळे शब्द. ‘हिंदीत आले तेव्हा मला कळायचंच नाही,’ त्या म्हणाल्या. ‘सगळे हम, हम म्हणायचे. मी त्यात आहे की नाही?’

ते त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. बाहेर माळी पाइपाने मेरीच्या पुतळ्याभोवतीची झाडं भिजवत होता, त्या ओल्या मातीचा वास आत येत होता. मी विचारलं, ‘सिस्टर, मग आमच्यावर इंग्रजीची एवढी सक्ती का?’

त्यांनी विचार केला. ‘बुंदेली बोलणाऱ्या मुली होत्या, पंजाबी होत्या, बंगाली होत्या. सिंधी. तुम्ही दोघी. हिंदीत काहीजणी घरच्या होत्या आणि काहीजणी पाहुण्या. इंग्रजीत सगळ्याच पाहुण्या. मला ते बरं वाटायचं.’ मग म्हणाल्या, ‘बरोबर होतं की नाही, माहीत नाही. पण एक सांग. तू आणि तुझी बहीण त्या झाडाखाली काय बोलायचात? मला नेहमी वाटायचं, माझ्याविषयी असणार.’

मी हसले. ‘नाही हो सिस्टर. डब्यात काय दिलंय, आणि कोणाला जास्त दिलंय. एवढंच.’

‘एवढंच?’ त्या जवळजवळ हिरमुसल्या.

दिवाळीपर्यंत माझी शिदोरी संपत आली. टेबल ‘ते’ आणि खुर्ची ‘ती’ का, वाटी ‘ती’ आणि पेला ‘तो’ का, असं त्या विचारत आणि मला फक्त एवढंच सांगता येई की कानाला तसं वाटतं. शिवाय माझी मराठी हिंदीच्या शेजारी वाढलेली. ‘बसून जा’, ‘सांगून दे’, ‘मी विसरून गेली होती’. नवऱ्याचे नाशिकचे नातेवाईक अजून हसतात. माझ्या चुका सिस्टरांच्या तोंडून त्या डोंगरापर्यंत जाणार, या विचाराने मी एका रविवारी त्यांना घरी घेऊन आले. आईकडे.

आई सकाळपासून घाबरलेली होती. आमच्या लहानपणी पालकांच्या सभेला बाबा ड्यूटीवर असले की तिला जावं लागे. लुगड्यावर स्वेटर घालून ती सिस्टरांसमोर बसायची, त्या इंग्रजीत, मग हिंदीत काहीतरी सांगायच्या आणि ती प्रत्येक वाक्याला ‘जी, जी’ म्हणायची. परत येताना विचारायची, ‘काय म्हणाल्या गं?’

सिस्टर आल्या, रविवारच्या प्रार्थनेला, मासला, जाऊन, पांढऱ्या शुभ्र झग्यात. आईने पदर सावरला. मी दोघींच्या मधे दुभाषी व्हायला उभीच होते. पण सिस्टरांनी हात जोडले आणि एकेक शब्द जपून टाकत म्हणाल्या, ‘नमस्कार. मी मराठी शिकते आहे. माझी मराठी अजून बाळ आहे.’

आईने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ‘अगं, यांचा ळ बघ!’ ती म्हणाली. ‘किती स्वच्छ! बसा, सिस्टर, बसा. इथे नको, आत या, स्वयंपाकघरात बसू.’

त्या दिवसापासून माझी गरज उरली नाही. दर रविवारी सिस्टर येत. हिवाळ्यात धुक्यामुळे कधी उशीर होई, मग मफलर गुंडाळून रिक्षातून उतरत. आई ओट्यापाशी, सिस्टर स्टुलावर, आणि मी दाराच्या चौकटीला टेकून वह्या तपासत. आई भाजी निवडत बोले. तिला कोणी शिकवायचं कसं असतं हे माहीत नव्हतं, म्हणून ती नुसतं बोलत राही. हे चिरते आहे, हे उतू जाईल, जरा सरका, हात भाजेल. सिस्टर पुटपुटत मागून म्हणत. माझी मुलगी सुरुवातीला लांबून बघायची. मग एक दिवस तिने सिस्टरांच्या शेजारी बसकण मारली आणि दोघी जीभ बाहेर काढून एकमेकींना दाखवत ळ घोटू लागल्या. ‘पीछे, और पीछे, छत को लगाओ,’ सिस्टर सांगत होत्या. ज्या बाईंच्या सावलीला आम्ही घाबरायचो, त्या माझ्या मुलीला जीभ काढून दाखवत होत्या. कुकरची वाफ, काचेवरचं धुकं, आणि त्यात ते दृश्य. मी वहीवर खूण करायची विसरले.

एका रविवारी सिस्टरांनी पेन खाली ठेवून आईला विचारलं. प्रश्न महत्त्वाचा होता, म्हणून त्या हिंदीत आल्या. वसतिगृहात नवीन मुली येतील, सहा-सात वर्षांच्या. पहिल्यांदाच घर सोडलेल्या. रडतील. त्यांना काय म्हणायचं? ‘रडू नको’ म्हणायला सिस्टरांना येत होतं. ‘आई येईल’ म्हणणं खोटं होईल. ‘देव आहे’ त्यांनी स्वतःच बाजूला ठेवलं, ते नंतर.

आईने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. ‘काही सांगू नका,’ ती म्हणाली. ‘जवळ बसा आणि विचारा, जेवलीस का?’

‘बस?’

‘बस. ती नाही म्हणेल. मग काहीतरी खायला द्या. खाताना रडता येत नाही फार.’

सिस्टरांनी ते लिहून घेतलं नाही. मग म्हणाल्या, ‘मी इथे आले तेव्हा मला ताप आला होता. सगळ्या सिस्टर्स चांगल्या होत्या. औषध देत होत्या, प्रार्थना करत होत्या. पण हे कोणी विचारलं नाही. विचारलं असेल, तर मला कळलं नाही.’ आणि मग मराठीत त्यांनी ते हलक्या आवाजात म्हणून पाहिलं, जेवलीस का, जेवलीस का, स्वर वर न्यायचा की खाली, हे आजमावत. आईने त्यांच्या पुढ्यात थालीपीठ सरकवलं.

मार्चअखेर परीक्षा संपल्या आणि सिस्टर गेल्या. स्टेशनवर शाळेतल्या बऱ्याचजणी आल्या होत्या, मुलीही. गाडी उशिरा आली, म्हणून सगळ्यांचा निरोप दोन-तीनदा घेऊन झाला. आईने दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली होती. प्रिन्सिपल सिस्टर इंग्रजीत छान बोलल्या. मोठ्या सिस्टर सगळ्यांशी त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलत होत्या, शिपाई भैयाशी तर चक्क बुंदेलीत. त्या भाषेतही त्या इतक्या सराईत असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. डब्यात चढल्यावर त्यांनी खिडकीच्या गजांतून माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘लायब्ररी तू सांभाळ,’ म्हणाल्या. ‘मुलींना मोठ्याने वाचू दे.’

आता शाळा सुटल्यावर मी वाचनालयात बसते. कधी कधी डुलकी लागते. जाग येते तेव्हा ऊन पुस्तकांवरून सरकून जमिनीवर आलेलं असतं आणि दोन-तीन मुली एका बाकावर डोकी जुळवून काहीतरी कुजबुजत असतात, हिंदीत, बुंदेलीत, कशातही. मी डोळे मिटलेलेच ठेवते.

सिस्टरांचा फोन मात्र मला येत नाही. तो आईला येतो, रविवारी, जेवणं झाल्यावर. सुरुवातीला आई त्यांची मराठी दुरुस्त करायची. मग पावसाळ्याच्या सुमाराला केव्हातरी ते थांबलं. एका रविवारी मी आत खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालत होते. बाहेर अंगणात आई खुर्चीवर बसून फोनवर बोलत होती. स्पीकर चालू होता. सिस्टर म्हणाल्या, ‘बठ्ठं बरं शे.’

मला वाटलं, नेटवर्क गेलं. पण आई एकदम सरळ झाली. तिचा आवाज बदलला. ‘काय करी राहिनी?’ ती म्हणाली, आणि मग ती भरभर बोलू लागली. त्यातला एखादा शब्द ओळखीचा वाटे, पण हाती येण्याआधी निसटून जाई. पलीकडून सिस्टर हसत होत्या, अडखळत उत्तरं देत होत्या. आई हसत होती. तिचा चेहरा मला ओळखू येईना. घडी अर्धवट टाकून मी दारात आले.

फोन संपल्यावर मी विचारलं, ‘आई, ही कुठली भाषा?’

‘अहिराणी,’ ती म्हणाली. ‘बठ्ठं बरं शे, म्हणजे सगळं बरं आहे. त्या गावात मुली तीच बोलतात. सिस्टर शिकल्या बघ.’

‘पण तुला कशी येते?’

‘माझी आई तिकडचीच ना. भुसावळला घरात आम्ही हीच बोलायचो.’

‘मग तू कधी बोलली नाहीस?’

‘इथे कोणाशी बोलणार?’ आई म्हणाली. ‘लग्न होऊन आले, एकदा तुझ्या आजीसमोर तोंडून गेलं. त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत. पण मग मी तुमच्यासारखी बोलायला लागले.’

तिला त्याचं काही वाटत असावं असं दिसलं नाही. खुर्चीत जरा रेलून बसली. मग तिने तिच्या आईविषयी सांगायला सुरुवात केली. तिच्या आईविषयी मला एका फोटोपलीकडे काही माहीत नव्हतं. ती उंच होती. तिला गाणं यायचं नाही आणि तरी ती गायची. भरीत खावं तर तिच्या हातचं. ऊन भिंतीवर चढत गेलं, चहाची वेळ होऊन गेली, माझी मुलगी केव्हा येऊन पायरीवर बसली ते कळलं नाही. संध्याकाळी खेळायला गेलेल्या मुलांना तिची आई गल्लीच्या टोकाला उभी राहून कशी हाक मारायची, ते आई सांगू लागली. सांगून जमेना, तेव्हा तिने ती हाक मारूनच दाखवली. मोठ्याने, लांबवत, मान वर करून.

शेजारच्या चाची भिंतीवरून डोकावल्या. ‘क्या हुआ, भाभीजी?’

‘कुछ नहीं,’ आई म्हणाली. ‘ऐसे ही.’